रंजिताचा खालचा आवाज

कोन गावाजवळच्या ज्या गोदामात मी सुपरवायझर आहे, तिथल्या मितेशशेठना यंदा नाताळ हवा होता. परदेशी कंपनीचे साहेब येणार होते. पायपुसणं मागवावं तसा शेठनी शेलार गावच्या प्रार्थनाघरातला गाणाऱ्यांचा क्वायर मागवला.

बाराजण आणि त्यांचे दिनेशमास्तर. आमच्या पॅकिंगमधली रंजिताही त्यात. चार आवाजांतलं जुनं नाताळगीत. त्यातला बायकांचा खालचा आवाज धरणारी ती एकटीच. दोन महिने ड्युटी सुटल्यावर जाऊन तिनं तो बसवला होता.

दुपारी तालीम सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला शेठनी हात वर केला.

"ओ मास्तर, ही बाई वेगळंच गाते. काढा तिला."

"तिचं तसंच असतं शेठ. बाकीचे तिच्यावर तर उभे आहेत."

"मला नका शिकवू. कान आहेत मला."

कान होते खरे. एकात ब्लूटूथ होतं. हा माणूस आरतीला उभा राहूनही गाळ्याचं भाडं ठरवतो. मी बावीस वर्षं कीर्तनात बुवांच्या मागे झील धरतोय; मागच्यानं सूर सोडला की पुढचा कसा उघडा पडतो, ते मला ठाऊक आहे. म्हटलं, "शेठ, राहू द्या तिला."

"चांगदेवकाका, तुमचं टाळ कुटणं वेगळं. हे इंग्लिश म्युझिक आहे."

गाणं मराठीत होतं.

"ऱ्हाऊ द्या सर," रंजिता मास्तरांना म्हणाली, "माज्यापायी सगल्यांचं नको जायाला." आणि खांबाशी जाऊन उभी राहिली.

साहेब आले. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात वरच्या बायका भरकटल्या, त्यांना सावरायला गेलेले पुरुषही घसरले. मास्तरांनी हात खाली घेतला. गाणं अर्ध्यात थांबलं.

शेठनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे बघून साहेबांनीही वाजवल्या.

"बघा काका, आता कसं क्लीन झालं," शेठ म्हणाले, आणि साहेबांना घेऊन पलीकडे केक कापायला गेले.

मास्तर खांबाकडे वळले. "ये गं जागेवर. पहिल्यापासून घेऊ."

"शेठ बगतील, सर."

"बघू दे. ऐकत तर नाहीत."

ती आली. तिनं खालून सूर लावला, आणि बाकीचे तिन्ही आवाज बिनधास्त वर गेले. मी बूट काढले आणि खोक्यांपाशी मांडी घालून बसलो. पलीकडून शेठ चमचे कुठे ठेवलेत म्हणून मला हाका मारत होते. मी काही उठलो नाही.