लेथवरचा बिडाचा ठोकळा

“उल्कानचा हात आता थरथरतो,” असं माझे थोरले दीर माझ्याबद्दल गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते, आणि ते ऐकून माझं डोकं भडकायचं. सरोवराकाठच्या आमच्या बालिक्ची गावातल्या जहाज कारखान्यात मी उभी हयात लोखंड कातायच्या या लेथवर काढली. कारखाना बंद पडला तेव्हा दिरांनी लेथ आपल्या वर्कशॉपमध्ये उचलून आणला आणि त्याच्यासोबत मलाही कामाला लावलं. आता म्हणे सोमवारपासून लेथ त्यांच्या जावयाकडे, आणि मी घरी बसून कणकेचे बोरसोक तळायचे.

हात माझा ठणठणीत होता. हलत होती ती कातायचं टूल धरणाऱ्या टूलपोस्टखालची छोटी सरकती स्लाइड. तिरपं कापायला ती लागते, पण झिजून झिजून पडायला आलेल्या दातासारखी झाली होती. टूल लोखंडाला टेकलं की किंचाळायचं आणि शाफ्टवर बारीक लाटा उठायच्या.

“भावोजी, ती स्लाइड काढून भरीव ठोकळा बसवू या. तिरपं काम येतं कधी आपल्याकडे?”

“मशीनला नावं ठेवू नकोस, सूनबाई. स्वतःचं वय बघ.”

मी लेथकडे वळले. आमच्यात सून थोरल्या दिराचं नावसुद्धा तोंडातून काढत नाही, मग उलट कसली बोलणार? पण आतून नुसती जळत होते.

ठोकळा माझ्या अंगणातच होता. गोदीतल्या जुन्या क्रेनला तोल राखायला लावलेल्या वजनाचा, बिडाचा तुकडा. त्याला निळा रंग लावायचा, सपाट लोखंडी पाटावर घासायचा, रंग निघून उंचवटे दिसतील ते खरवडायचे, पुन्हा घासायचा. राग आला की मी हेच करत बसायचे, त्यामुळे काम लवकर झालं.

दीर आणि जावई लग्नाच्या जेवणाला गेले, त्या दिवशी मी स्लाइड उतरवली, ठोकळा बोल्टांनी आवळला, त्यावर टूलपोस्ट बसवला आणि टूल फार बाहेर न काढता आखूड धरलं. झापार ड्रायव्हरचा पंपाचा शाफ्ट चढवला. किंचाळणं बंद! लोखंडाचं जाड कातण सरळ निघत राहिलं. शाफ्टवरून नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही. एकटीच होते, मोठ्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी झापार आला. त्यानेही नख फिरवलं.

“वा! कुणाचा हात हा?”

दिरांची नजर ठोकळ्यावर गेली. त्यांना सगळं कळलं, आणि तरीही ते म्हणाले, “जावयाचा. तरुण हात तो तरुण हात.”

जावई बुटांकडे बघत राहिला.

“तोलोगोन!” मी ओरडले. थोरल्या दिराचं नाव, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. “लाज वाटत नाही तुला? माझ्यासमोर खोटं बोलतोस?”

झापारने टोपी काढून हातात घेतली. मी पाना उचलला, बोल्ट सोडले आणि तो जड ठोकळा पोटाशी धरून घरी आले.

आता जुनी स्लाइड पुन्हा लेथवर आहे. जावई शाफ्ट लावतो आणि ती किंचाळी माझ्या अंगणापर्यंत येते. ठोकळा मी दाराला लावलाय, इथल्या सोसाट्याच्या उलान वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

काल दीर दारात उभे राहिले. “सूनबाई, ठोकळा दे. गिऱ्हाइकं परत जातायत.”

“देते. आधी झापारकडे जा आणि सांगून या, तो हात कुणाचा होता.”

ते अजून झापारकडे गेलेले नाहीत. दार उघडंच आहे.