तोडीला रडलेली मुलगी

अंबरनाथमध्ये अजून एखादा भेटतो आणि चहाचा कप हातात धरून मला ऐकवतो, "मधू, तुमच्या ओगलेबुवांची तोडी ऐकून म्हणे बदलापूरच्या शाळेतली पोर रडली होती. काय गळा असेल हो." मी म्हणतो, तबल्यावर मीच होतो. मग तो आणखी खुलतो आणि माझं डोकं फिरतं. तेव्हा एकदाच काय ते धड सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी माझा चहा नासवायला नको.

ओगलेबुवा म्हणजे शरदचंद्र ओगले. एका कंपनीत ऑफिसर होते, रिटायर झाले आणि अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत गाणं शिकवायला लागले. शिक्षण पक्कं, आवाज बरा, नशीब शून्य. गणपतीत त्यांचं गाणं ठेवायचे ते आरतीच्या आधी, लोक जमेपर्यंत वेळ काढायला. तेही ठेवलं की बुवा मन लावून गायचे, आणि समोर सतरंजीवर पोरं पकडापकडी खेळायची. मी डग्ग्यावर राग काढायचो.

सत्त्याऐंशी साली त्यांच्या डोक्यात आलं की मोठ्यांना सांगून काही उपयोग नाही, लहान मुलांनाच गाणं ऐकवलं पाहिजे. कॅसेट नाही, रेडिओ नाही, समोर बसून. "मधू, त्यांचे कान अजून कोरे आहेत," असं ते म्हणायचे. आमच्या गाण्याच्या मंडळाला ही कल्पना आवडली, कारण फुकटात होती. कंपनीत मी लॅबमध्ये होतो, शिफ्ट बदलून घ्यायचो आणि तबला-डग्गा घेऊन बुवांच्या मागे हिंडायचो.

उल्हासनगरच्या एका शाळेत बुवांनी पहिला आकार लावला आणि मागच्या रांगेतून एकाने बकरीचा आवाज काढला. दोन मिनिटांत अख्खा हॉल बकऱ्यांचा झाला. तिथले हेडमास्तर हसत हसत म्हणाले, "मास्टरजी, कोई फिल्म का सुनाओ ना, बच्चे खुश हो जाएंगे." आमच्या अंबरनाथच्या शाळेत तान रंगात आली असताना घंटा झाली आणि पोरं डबे घेऊन पळाली. बुवांनी ती तान रिकाम्या हॉलमध्ये पुरी केली. येताना रिक्षात तंबोरा गुडघ्यात धरून बसले होते.

घराजवळ उतरताना म्हणाले, "आता बदलापूरची एक शाळा. तिथेही हेच झालं तर तंबोरा उतरवून ठेवणार. बास झालं." बुवा उगाच बोलणारे नव्हते. मला खरंच भीती वाटली, कारण गाणं सोडलं तर त्या माणसाकडे दुसरं काहीच नव्हतं.

बदलापूरच्या शाळेत उमाबाई म्हणून शिक्षिका होत्या. गाण्याच्या वेड्या. बुवा येणार म्हणून त्यांनी आठवडाभर आधी पोरांची तयारी करून घेतली होती. मैफिलीत बोलायचं नाही, खाजवायचं नाही, मागे बघायचं नाही, आणि काही झालं तरी मधे उठायचं नाही. कलाकार गात असताना उठणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्यांनी मुलांकडून घोकून घेतलं होतं. चांगलंच शिकवलं होतं. आपणही हेच शिकलो, कोणी मधे उठला तर आपलेही डोळे मोठे होतात.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा सगळी पोरं मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. डिसेंबर होता, फरशी गार होती. बुवांनी तोडी लावली. हॉलमध्ये चिटपाखरू नाही. बुवांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. लग्नात नवरा मुलगा बघतो तसं.

पहिल्या रांगेत एक बुटकीशी मुलगी होती, तिसरीतली, दोन वेण्या, तेल चोपडलेलं. चिमी तिचं नाव, हे मागाहून कळलं. कुळगावातल्या जुन्या शेतकरी घरातली. ख्याल निम्म्यावर आला तेव्हा तिने उमाबाईंना करंगळी दाखवली. उमाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. तिने हात खाली घेतला आणि पोटाशी धरून थोडी वाकून बसली. मला वाटलं, पेंगतेय. विलंबित एकताल वाजवताना एकेक मात्रा गिळत बसावं लागतं, दुसरीकडे फारसं ध्यान राहत नाही.

ख्याल आटोपून शेवटचं जलद द्रुत धरायचं आणि उठायचं, असं ठरलं होतं. मी द्रुतच्या तयारीत होतो. तेवढ्यात बुवांचं लक्ष त्या पोरीकडे गेलं. तिच्या गालावरून पाणी येत होतं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. बुवांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, थांब. द्रुत त्यांनी धरलंच नाही. पुन्हा कोमल गंधारावर गेले आणि तिच्याकडे बघत, तिच्यासाठी गायला लागले. खरं सांगायचं तर तसे ते आधी कधी गायले नव्हते आणि नंतरही नाही. पोरीच्या डोळ्यांचं पाणी थांबेना, आणि बुवा थांबेनात.

संपल्यावर शाळेने बुवांना शाल आणि नारळ दिला. बुवा खाली उतरले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नारळ तिच्या हातात दिला. "हिने आज माझं गाणं ऐकलं," असं सगळ्यांसमोर म्हणाले. पोरगी उठली ती वाकूनच. तो जड नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून रांगेतून गेली. उमाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

पुढचे चार-सहा दिवस बुवा जमिनीवर नव्हते. न्हाव्याकडे, भाजीवाल्याकडे, मंडळात, जो भेटेल त्याला तेच. आठ वर्षांचं पोर तोडीला रडलं. बुवांच्या घरी सुहासिनीवहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे पहाटे उठून रियाज करायला लागलेत हो. किती वर्षांनी." मीही मनातून खूश होतो. म्हटलं, लागलं एकदाचं माणसाचं नशीब.

मग एका दुपारी मी बुवांकडे बसलो असताना उमाबाई अंबरनाथला आल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. बुवा उत्साहात म्हणाले, "या, या. आमची श्रोती काय म्हणते?"

"बुवा, ती मुलगी गेली," उमाबाई म्हणाल्या.

अपेंडिक्स. त्या दिवशी सकाळपासूनच पोट दुखत होतं. आईने ओवा दिला होता आणि गाणं आहे, बाई रागावतील, म्हणून पोरगी हट्टाने शाळेत आली होती. घरी गेल्यावर ताप चढला. बेंबीला हिंग लावून झालं, अंगारा झाला, आणि उल्हासनगरला दवाखान्यात नेईपर्यंत आत फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. आधी म्हणजे किती आधी, ते कोणी विचारलं नाही. आमच्या गाण्याचा तासभर त्यात धरायचा की नाही, ते देव जाणे. मी धरतो.

"तिची आई विचारत होती, शाळेत रडली का म्हणून. पोरांनी तिला सांगितलं होतं," उमाबाई म्हणाल्या. "मी काय सांगणार? गाणं ऐकून रडली म्हणाले." आणि त्या दारातच खाली बसल्या.

बुवा चप्पल घालायला लागले. मी स्कूटर काढली.

कुळगावात पोचेपर्यंत दिवस कलला होता. चिमीचे वडील हरिचंद्र ओट्यावर बसले होते, त्यांनी आम्हाला आत नेलं. आई कमळाबाई भिंतीला टेकून होती. फळीवर देवीच्या फोटोशेजारी आमचा नारळ ठेवलेला होता, शेंडीसकट. मी तिकडे बघायचं टाळलं.

"तुमीच ते गाणारे?" कमळाबाईंनी विचारलं. बुवांनी मान हलवली.

"बाई सांगत व्हत्या, गाणं आवडलं म्हणून माझी चिमी रडली. खरं हाय का?"

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगू? हो म्हणावं तर ज्याच्यावर आठवडाभर मिरवलो तेच पुन्हा मिरवायचं, तेही तिच्या आईसमोर. नाही म्हणावं तर त्या बाईला काय द्यायचं, की तुझी पोर तासभर कळ सोसत बसली होती आणि समोर दोन बाप्ये गात-वाजवत होते?

"खरं आहे," बुवा म्हणाले. "गाण्यानेच रडली ती."

कमळाबाई म्हणाल्या, "मग तेच गाणं म्हणा."

"अगं, सुतक हाय घरात," हरिचंद्र म्हणाले.

"म्हणू दे. मला ऐकायचं हाय."

तंबोरा नाही, तबला नाही. तोडी सकाळचा राग, आणि बाहेर दिवेलागण झालेली. अवेळी राग गायला सांगितला तर बुवा उठून जायचे, मी पाहिलंय. पण त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि षड्ज लावला. मी मांडीवर बोटांनी ठेका धरला. बुवांनी काही वगळलं नाही, शाळेत जसं गायले तसंच, कोमल गंधारावर तितकेच थांबून गायले. कमळाबाई ऐकत होत्या. हलल्या नाहीत, नजर काढली नाही, प्रत्येक सुराला त्यात काहीतरी शोधत असल्यासारख्या ऐकत होत्या. बुवांना आयुष्यभर असाच श्रोता हवा होता.

गाणं संपलं. चुलीजवळ कोणीतरी भांडं सरकवलं.

"चांगलं हाय," कमळाबाई म्हणाल्या. "पण यात रडण्यासारखं काय नाय."

बुवांची मान खाली गेली.

"तिला दुखत व्हतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "तुमाला दिसली ना ती रडताना?"

"दिसली," बुवा म्हणाले.

"आन् तुमी गातच राहिला."

"हो."

कमळाबाई उठल्या, फळीवरचा नारळ काढला आणि बुवांच्या पुढ्यात ठेवला. "हा न्या," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

तंबोरा बुवांनी दुसऱ्याच दिवशी उतरवून खोळीत घातला, तो शेवटपर्यंत खोळीतच राहिला. मंडळातल्या लोकांना वाटतं, वयामुळे गाणं सुटलं. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी स्कूटरवर मी त्यांना म्हणालो, बुवा, एका हाताने मला धरा, रस्ता खराब आहे. त्यांनी धरलं नाही. अंबरनाथ येईपर्यंत ते मागच्या सीटवर वाकून बसले होते, नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून.