अकराव्या पावलावरचा सांधा

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी उभा आहे. मी एक जुना गालिचा. एकवीस वर्षं या घराच्या बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरून पडलो होतो. परवा मला गुंडाळून, सुतळीने बांधून दाराबाहेर भिंतीला टेकवलं आहे. मला न्यायला आज गाडी यायची आहे. ती येईपर्यंत माझी गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही, कारण मी फार दमलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भल्यामोठ्या यंत्रावर मला विणलं, तपकिरी रंगात बुडवलं, आणि दुकानात एका कोपऱ्यात रचून ठेवलं. माझ्या शेजारी लाल आणि निळे गालिचे होते, ते दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी देखणे. पण या घरातली आई दुकानात आली, तिने मला चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाली की यावर डाग दिसणार नाहीत. एवढ्या एका गुणावर माझी निवड झाली. रूपाचा प्रश्नच नव्हता.

मला अंथरायला बाबांनी ओळखीतला माणूस बोलावला. ओळखीतला म्हणजे चांगलाच असणार, असं बाबांना तेव्हा वाटायचं. त्या माणसाने टेप काढलीच नाही. लांब ढांगा टाकत तो खोलीभर फिरला आणि आकडा कागदावर लिहून मोकळा झाला. अंथरताना मी हातभर कमी पडलो. मग त्याने माझ्याच कातरणाची एक पट्टी आणून स्वयंपाकघराच्या बाजूला जोडली. डिंक जास्त झाला, तो वाळून कडक झाला, आणि तिथे आडवा उंचवटा तयार झाला. तो माझा सांधा.

त्या सांध्यापायी मी काय काय ऐकलं म्हणून सांगू. आईचा व्हॅक्यूम तिथे रोज अडायचा आणि आई रोज त्या माणसाचा उद्धार करायची. पाहुणे ठेचकाळायचे आणि मग तिकडेच बघत बसायचे. घरातली मुलगी, जिला सगळे पिल्लू म्हणतात, माझ्यावरच रांगायला शिकली. माझ्यावर तिने दूध सांडलं, शाई सांडली, एकदा आख्खी डिंकाची बाटली उपडी केली. मी सगळं पोटात घेतलं. सुरुवातीला येणारे जाणारे माझं कौतुक करायचे. किती मऊ आहे हो, म्हणायचे. मग हळूहळू कौतुक आटलं. माझी लव झिजली, कडा उसवल्या, आणि मी घरात असूनही कुणाला दिसेनासा झालो.

याच सुमारास आत्या इथे राहायला आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तीस वर्षं टेलिफोन कचेरीत नोकरी केलेली, आवाजावरून माणूस ओळखणारी, कुणाचं ऐकून न घेणारी. ती बसून राहिली नाही. सकाळचा चहा तिचा, दुपारची इस्त्री तिची. घरात चपला घालायला मात्र ती तयार नसे. पायाला जमीन कळली पाहिजे, म्हणायची. बाबा हसायचे.

मला मात्र दोन वर्षांपूर्वी कळलं की आत्याला दिसेनासं होत चाललं आहे. डोळ्यांचं मला काय कळणार, मी पावलं ओळखतो. आधी तिची पावलं माझ्यावर कुठेही पडायची. मग ती एकाच रेषेत पडू लागली. खुर्चीपासून अकरा पावलं. अकराव्या पावलाला तिच्या पायाची बोटं सांध्याला लागत. ती थांबायची, डावीकडे वळायची, सांधा बोटांनी चाचपत स्वयंपाकघरात जायची. आणि तिथे थांबणं फार गरजेचं होतं. कारण सांधा ओलांडून सरळ दोन पावलं गेलं, की खालच्या खोलीत उतरणाऱ्या चार पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही.

तिने कुणालाही सांगितलं नाही. ज्या सांध्याला सगळं घर नावं ठेवत होतं, त्याच्या आधाराने ती दोन वर्षं चहा करत होती. आणि हे ठाऊक असलेला घरात मी एकटाच होतो. मित्रांनो, माझं झिजणं कधीच पुरं झालं होतं. मला पडून राहण्याचाही कंटाळा आला होता. पण मी गेलो तर हिचं कसं होणार, या काळजीने मी जमिनीला चिकटून होतो.

मग एके दिवशी आईने जाहीर केलं की गालिचा बदलायचा. या वेळी ओळखीतला माणूस नको, चांगली कंपनी बघायची.

पहिल्या कंपनीने घरी यायचीच तसदी घेतली नाही. फोटो पाठवा, म्हणाले. आईने फोन ठेवून दिला. दुसऱ्या कंपनीचा माणूस चकचकीत बूट घालून आला आणि बुटांसकट माझ्यावर उभा राहिला. त्याच्याकडे नमुन्यांची जाडजूड वही होती आणि जिभेवर साखर होती. एका दिवसात काम संपवतो, म्हणाला. मग त्याने सांध्यावर बुटाचं टोक आपटलं आणि सांगितलं की हे असलं काही राहणार नाही, आम्ही सगळं एकसंध करून देऊ. आई खूश झाली. खुर्चीतल्या आत्याने मात्र हातातली कपबशी खाली ठेवली. राहू दे की तो सांधा, काय बिघडतं, असं ती हळूच म्हणाली. बाबांनी ते थट्टेवारी नेलं. ताईला जुन्याचा फार लळा, म्हणाले.

तो कंपनीवाला गेला तरी माझ्या जिवात जीव नव्हता. पण आई पक्की. तिने त्याच्याकडून आधीच्या दोन गिऱ्हाइकांचे नंबर मागून घेतले होते. एकीला फोन केला. ती बाई म्हणाली की महिन्याभरात कडा वर आल्या आणि आता कंपनीत कुणी फोन उचलत नाही. त्या कंपनीवर फुली बसली.

तिसरी आली ती एक कारागीर बाई. दोघीतिघींची मिळून छोटी कंपनी होती तिची. दारातच तिने चपला काढल्या, गुडघ्यांना जाड पट्टे बांधले आणि सरळ माझ्यावर बसली. पक्कडीने माझा कोपरा उचलून खालची ओल पाहिली. टेप लावून खोली तीनदा मोजली. मग हाताचा तळवा माझ्या लवेवरून फिरवत फिरवत ती खुर्चीपासून सांध्यापर्यंत रांगत गेली. एकवीस वर्षांत पिल्लूनंतर माझ्यावर रांगणारी ती पहिलीच. सांध्यापाशी ती बराच वेळ थांबली. पुढे त्या चार पायऱ्यांकडे तिने पाहिलं.

“इथे रोज अनवाणी कोण चालतं?” तिने विचारलं.

आई म्हणाली की आम्ही सगळेच चालतो.

“नाही. बाकीच्यांची पावलं कुठेही पडली आहेत. पण इथे लव एका रेषेत झिजली आहे; एक माणूस रोज त्याच रेषेत चालतं, आणि या उंचवट्याला बोटं लावून वळतं. माझे वडील नजर गेल्यावर असेच चालायचे.”

बाबांनी आईकडे पाहिलं, आणि मग दोघांनी खुर्चीकडे.

“मीच ती,” आत्या बाबांना म्हणाली. “दोन वर्षं झाली, बाळ्या. तुझं तोंड मला आता फक्त आवाजावरून कळतं.”

बाबा माझ्यावरच खाली बसले. सांगितलं का नाहीस, एवढंच त्यांना विचारता आलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही मला एका जागी बसवलं असतं. माझा चहा काढून घेतला असता.”

हे खरंच होतं. आईने डोळ्यांना पदर लावला. रोज त्या सांध्याला नावं ठेवणारी तीच होती.

सगळे जरा सावरल्यावर कारागीर बाईने आत्यालाच विचारलं की नवा सांधा कुठे हवा आणि किती उंच. आत्या उठून चालत आली आणि जिथे थांबली, तिथे बाईने खडूने रेघ मारली. पायऱ्यांच्या तोंडाशी खरखरीत पट्टी आणि भिंतीला कठडा, हेही तिने कागदावर लिहून दिलं. काम दोन दिवसांचं आहे, एका दिवसात नीट होणार नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. आणि बरोबर दोन दिवसांत ते झालं.

आज सकाळी मी इथे बाहेरून उघड्या दारातून पाहत होतो. नवा गालिचा राखाडी आहे, चांगला जाड आहे. आत्या खुर्चीतून उठली. बाबा हात पुढे करून मागोमाग निघाले, तिने तो हात बाजूला केला. मी पावलं मोजत होतो. अकरावं पडलं. तिची बोटं काहीतरी शोधत राहिली, आणि मग नव्या सांध्याला लागली. ती डावीकडे वळली. थोड्या वेळाने आतून कपांचा आवाज आला. माझ्या मनावरचा सगळा भार तिथे उतरला.

मित्रांनो, जुनं झालेलं जरूर काढा. आम्हालाही कधीतरी सुटका हवी असते. पण काढण्याआधी एकदा गुडघ्यांवर बसून हात फिरवा, त्यावरून कोण कसं चालत होतं ते बघा. आणि हे काम दुसऱ्याला सांगणार असाल, तर खाली बसून बघणाऱ्यालाच सांगा.

गाडीचा आवाज येतो आहे. आता मला आडवं करा. उभं राहायची मला सवय नाही.