डावीकडून दोन हळू, एक जोरात

मित्रांनो, गॅसच्या वर भिंतीच्या गोल भोकात जो काळपट गडी बसलेला दिसतो, तो मी. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा जुना पंखा. माझे वय विचारू नका. अंगावरचे तेलाचे थर मोजा, म्हणजे कळेल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पोटात तांब्याच्या तारेचे वेढे, अंगावर तीन पाती, पुढे जाळी, एवढाच माझा संसार. तपासणाऱ्या बाईने मला पहिल्यांदा फिरवले, तेव्हा तिच्या टेबलावरचे सगळे कागद शेजारच्या खोलीत जाऊन बसले. या घरात आलो तेव्हा तर माझी ओढ अशी, की घरमालकाच्या मिशांची टोके माझ्याकडे वळली, ती आजतागायत तशीच आहेत. भिंतीपलीकडे एक मोकाट कुत्रा बसायचा. तो नुसत्या तळणाच्या वासावर गुबगुबीत झाला. खोटे वाटत असेल तर त्याला विचारा. तो आता हयात नाही, हा भाग वेगळा.

कौतुकाचे दिवस थोडेच असतात. पहिल्या वर्षी मला दर महिन्याला पुसत. दुसऱ्या वर्षी पाहुणे येणार असले तरच पुसत. पुढे पुढे तर पाहुण्यांनाच सांगू लागले, वर बघू नका.

त्याच सुमारास घरमालकाची थोरली बहीण राहायला आली. मुलांची आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. तीस वर्षे इस्पितळाच्या धुलाईखान्यात राबून निवृत्त झालेली, एकटी. चार दिवस राहते म्हणाली आणि आपली कापडी पिशवी तिने पलंगाखाली सरकवली. पिशवी काही रिकामी केली नाही. तळाशी एक चादर घडी करून ठेवलेली होती, कुठेही जावे लागले तर अंथरायला. भाजी चिरू का म्हटले की वहिनी, म्हणजे घरमालकाची बायको, म्हणे, राहू द्या वन्सं. कपडे वाळत घालू का, तर तेही राहू द्या. वहिनीला वाटे, आयुष्यभर राबली, आता आराम करू दे. आत्याला वाटे, या घरात आपण पाहुणीच.

एके सकाळी बटण दाबले आणि मी नुसताच गुणगुणत राहिलो. पाती हलेनात. घरभर धूर झाला. आत्या उठली, लाकडी उलथने उचलले, जाळीतून दांडा आत घातला आणि पात्याला ढकलले. मी फिरू लागलो.

घरमालकाला वाटले, यात काय मोठेसे. दुसऱ्या दिवशी त्याने मला उजवीकडून ढोसले. माझी अवस्थाच तेव्हा अशी, की ज्या अंगाने ढकलाल त्या अंगाने फिरायचो. उलटा फिरलो आणि धूर, काजळी, सगळे त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. कचेरीच्या दारात रोजच्या पहारेकऱ्याने त्याला ओळखपत्र मागितले म्हणे.

तेव्हापासून पंखा हे आत्याचे खाते झाले. डावीकडून दोन हळू, एक जोरात. दिवसातून तीनदा हाक यायची, "वन्सं, पंखा!" आणि ती चष्मा सावरत अशी यायची, जणू मोठ्या डॉक्टरीणबाई. धाकट्या बहिणीने बोलावले तरी गेली नाही. मी आले तर इथला पंखा कोण लावणार, असे तिने कळवले. अशी दोन वर्षे गेली.

मी मात्र आतून तापत होतो. ही थाप नाही. अडकलेला पंखा गुणगुणतो, तेव्हा त्याच्या पोटातली तार भाजत असते. शेवटी एका दुपारी दांडा पात्यात सापडून मोडला आणि आत्याचे बोट कापले. घरमालकाने त्याच संध्याकाळी वायरमनला फोन केला.

"चालतोय की रे. कशाला माणूस बोलावतोस?" आत्या म्हणाली.

"ताई, बोट गेलं असतं."

"गेलं असतं तर नऊ उरली असती."

सकाळी, वायरमन यायच्या आधी, तिने पलंगाखालची पिशवी काढली, झटकली आणि दाराशी ठेवली. चष्म्याचे घर त्यात टाकले. मला भोकातून सगळे दिसते.

वायरमनने आधी मेन स्विच बंद केला, मग मला उतरवले. पाती गरम पाण्यात सोडा घालून भिजवली. ती मुळात पांढरी होती, हे वहिनीला त्या दिवशी समजले. मग त्याने अंगठ्याएवढी एक डबी काढून दाखवली. "कंडेन्सर गेलाय. मोटारीला पहिला धक्का हाच देतो. दोन वर्षं काडी घालून चालवलात?"

"काडी नाही, उलथनं," आत्या म्हणाली.

नवा कंडेन्सर बसला, तेलाचे दोन थेंब पडले. गोष्टीतला पंखा अशा वेळी हटून बसला असता. मीही तसे ठरवले होते. पण मी यंत्र. बटण दाबले, फिरलो. सगळ्यांनी वा म्हटले. आत्या पिशवीकडे वळली.

वायरमन हात पुसत सांगू लागला, की दर दोन महिन्यांनी मेन बंद करून पाती धुवा, नाहीतर पुढच्या वेळी मोटारच जाईल. कोणाला दाखवू, असे त्याने विचारले. घरमालक मिशा कुरवाळत छताकडे बघू लागला. मुले कधीच पसार झाली होती.

"वन्संना दाखवा," वहिनी म्हणाली. "पंखा त्यांचा आहे."

आत्या थांबली. "माझा?"

"मग कोणाचा? आमच्या हातून एकदा तरी धड लागला का?"

आत्याने माझे स्क्रू वायरमनसमोर स्वतः दोनदा उघडून दोनदा बसवले. मग पिशवीतली चादर काढली आणि टर्रकन फाडून तिची फडकी केली.

"अहो, चांगली होती चादर," वहिनी म्हणाली.

"होती," आत्या म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे यंत्र नुसतेच गुणगुणत बसले, तर त्याला ढोसू नका. मेन बंद करा, जाणत्या माणसाला बोलावा आणि आतली छोटीशी डबी तपासायला सांगा. आणि अधूनमधून वर बघत जा.

माझ्या खाली भिंतीला आता एक खिळा आहे. त्यावर ती कापडी पिशवी टांगलेली असते. आत स्क्रूड्रायव्हर, तेलाची बाटली, सोड्याची पुडी आणि फडकी. प्रवासाचे सामान तिच्यात मावत नाही.