माझ्यात छत्र्या ठेवू नका

गणिताच्या बाईंना काही रीतभात राहिलेली नाही. ओली छत्री झटकायचीसुद्धा नाही, तशीच माझ्या पोटात खुपसायची. मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. छत्र्यांची धर्मशाळा नव्हे!

पत्रेवाल्यानं मला ठोकून घडवलं तेव्हाच मी अशी खणखणीत वाजले, की शेजारची घमेली गप्प झाली. शाळेत आले ती फरशी पुसायला. एकदा शाळा सुटल्यावर याच बाईंनी मला शिक्षकांच्या टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "हा आठवडा सगळ्यांनी हिच्यावरच शिकवू या का?"

विज्ञानाचे सर हसले. "बादलीवर? मग भाषेच्या बाई काय, हिचं लग्न लावणार?"

"लावते की! तुम्ही आहेराचं बघा," भाषेच्या बाई म्हणाल्या.

अन् जमलं! मुलांनी गणितात माझ्यातलं पाणी मापलं, विज्ञानात ते उन्हात आटताना पाहिलं, भाषेच्या तासाला माझी गाऱ्हाणी लिहिली. चित्रकलेच्या सरांनी मला जरा जाड काढलं, तेवढं मी पोटात घातलं. मग पद्धतच पडली. येत्या आठवड्याची वस्तू माझ्यात ठेवायची, कधी बी, कधी चाक, आणि चौघांनी भोवती बसून कुणी काय शिकवायचं ते ठरवायचं. सुना-लेकांनी भरलेलं घर होतं माझं.

पुढे "माझा तास तुम्ही खाल्लात" यावरून गणिताच्या बाई आणि विज्ञानाचे सर बोलेनासे झाले. प्रत्येकानं चूल वेगळी मांडली. मला कोपरा मिळाला. सोबतीला पंखा, तो सदा फिरतीवर, त्याच्याशी काय बोलणार?

परवा भाषेच्या बाई वर्गात 'पाणी जपून वापरा' असा निबंध लिहून घेत होत्या, आणि त्याच वेळी खाली विज्ञानाचे सर मुलांना धार मोजायला नळ सोडायला लावत होते. कुणाचं कुणाला ठाऊक नाही. टाकी रिकामी झाली. धाकट्या वर्गातली लेकरं कोरड्या घशानं घरी गेली.

संध्याकाळी गणिताच्या बाई एकट्याच आल्या. छत्र्या काढल्या, मला पुसलं, टेबलावर ठेवलं. मी दाराकडे डोळे लावून बसले. कुणी आलं नाही. बाई चौघांची आखणी एकट्याच लिहायला लागल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू नुसती पुसून जपली जात नाही. तिच्याभोवती माणसं लागतात.

माझी कडी घसरून खणकन आपटली. बाई दचकल्या. मी म्हटलंच, "अगं बये, मला काय पुसतेस? विज्ञानाचे सर अजून फाटकापाशी सायकल पुसतायत. ऊठ, आधी त्यांना हाक मार!"