आजारी बाईची रायफल

“काढ हा. दुसरा लाव,” ओपल म्हणाली.

“सकाळपासून हा चौथा दस्ता आहे,” डेन्झिल हॅमरिक पुटपुटला. “लग्नाचा झगा घेतानासुद्धा बाया इतका छळ करत नाहीत.”

“लग्नाच्या वेळी मी काहीच पारखून घेतलं नाही. पुढं काय झालं ते तुला ठाऊक आहे. लाव दुसरा.”

डेन्झिलनं पाचवा दस्ता बसवला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं बंदुकांचं दुकान होतं. टेबलावर जुनी चादर अंथरून त्यानं रायफलचे सुटे भाग मांडले होते. तीन नळ्या, गोळी नळीत ढकलणारे दोन बोल्ट, स्प्रिंगा, वजनाचे गोळे आणि खेचायच्या मुठी. कडेला पेपरोनी सॉसेज भरलेले दोन पाव कागदात गार होत पडले होते. कुणालाच खायची सवड झाली नव्हती.

ओपल कटलिप सदुसष्ट वर्षांची. एकोणतीस वर्षं तिनं डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर टपाल वाटलं. या भागातली टपालवाली माणसं स्वतःचीच गाडी वापरतात आणि उजवीकडच्या सीटवर बसून डावीकडचं स्टिअरिंग डाव्या हातानं ओढतात, म्हणजे उजव्या हातानं खिडकीतून पेटीत पत्रं टाकता येतात. बर्फात, चिखलात, उतारावर ओपलनं अशीच गाडी हाकली. दोन वर्षांपूर्वी मात्र अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात अर्धा गेला. आता मूठ मिटायची, पण तिच्यात जोर नसायचा.

दर शनिवारी लॉरेल फोर्कच्या मैदानावर लोखंडी ताटल्यांवर नेम धरायचा, हा तिचा वीस वर्षांचा नेम. झटक्यानंतर पहिल्यांदाच, गेल्या ऑक्टोबरात ती डाव्या हातात पिस्तूल घेऊन नेमबाजांच्या रेषेवर उभी राहिली. नेम चांगला लागला, पण शेवटी पिस्तूल उघडून रिकामं दाखवायची वेळ आली तेव्हा वरचा भाग मागं सरकेना. मैदान सांभाळणारा ज्युनिअर साइझमोर पुढं झाला आणि त्यानं ते उघडून दिलं. मग खाली बघत तो म्हणाला, “मिस ओपल, फळ्यावरचा नियम तुम्हीच लिहिलाय.”

तो तिनंच लिहिला होता, अठरा वर्षांपूर्वी, लाल रंगानं. “ज्याला स्वतःच्या हातानं बंदूक उघडून रिकामी दाखवता येत नाही, त्यानं रेषेवर उभं राहू नये.” ओपलनं मान डोलावली आणि ती घरी गेली. नियमाबद्दल तिनं कुणाकडं चकार शब्द काढला नाही. हिवाळा सरल्यावर मात्र ती डेन्झिलच्या दारात येऊन उभी राहिली. “पिस्तुलाचीच गोळी खाणारी रायफल बांधून दे. माझी गोळ्यांची मॅगझिनं तिला चालली पाहिजेत. आणि ती मला एकटीला उघडता आली पाहिजे.”

पाचवा दस्ता तिच्या डाव्या खांद्याला नीट बसला. “हा राहू दे,” ती म्हणाली. “आता मूठ.”

डेन्झिलनं रायफलच्या डाव्या बाजूला एक मोठी गोल मूठ लावली. ओपलनं दस्ता कमरेला टेकवला, नळी उजव्या मनगटावर पेलली, तोंड भिंतीच्या वाळूच्या पोत्यांकडं धरलं आणि डाव्या हातानं मूठ ओढली. ती निम्म्यावर येऊन अडकली. तिनं पुन्हा ओढली. पुन्हा निम्म्यावर.

“स्प्रिंग ताठ आहे,” डेन्झिल म्हणाला. “काय करू? तुझ्या हातासाठी सगळं हलकं निवडलंय मी. नळी बारीक, बोल्ट हलका. बोल्ट हलका असला की गोळीचा धक्का आवरायला स्प्रिंग ताठच लागते. नाहीतर बोल्ट धाडकन मागं येईल आणि तुझा खांदा सडकून काढील.”

ओपलनं रायफल चादरीवर ठेवली. सगळ्या भागांवरून तिची नजर फिरली.

“डेन्झिल, तू हे दुसऱ्या कुणासाठी असंच निवडलं असतंस?”

तो चादरीची सुरकुती सारखी करू लागला.

“खरं सांग.”

“नाही. दुसऱ्याला वजनदार बोल्ट दिला असता.”

“मग मला का नाही?”

“अगं, तुझा तो हात... रायफल पेलणार कशी, असं वाटलं मला.”

“म्हणजे तू आजारी बाईची रायफल बांधलीस,” ओपल म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डेन्झिलनं टोपी काढून हातात घेतली. “नाताळात माझ्या गाडीत पुस्तकांची पोती असायची. पोतं सावकाश ओढलं की मागं यायचं. हिसका दिला की हलायचं नाही. गोळी हिसका देते. मी सावकाश ओढीन. वजन घाल आणि स्प्रिंग मऊ कर.”

डेन्झिलनं टोपी परत डोक्यावर चढवली. चाळीस वर्षं तो हेच काम करत होता आणि हे त्याला ठाऊकच होतं. कणव आड आली होती, एवढंच.

“वजन मागं, दस्त्याच्या नळकांड्यात घालतो,” तो म्हणाला. “पुढचा भाग हलकाच राहील. खांदा भार घेईल, हाताला त्रास नाही. पण स्प्रिंग फार मऊ केली तर बोल्ट पुरता मिटणार नाही हं.”

“मग किती मऊ ते शोध. मी कुठं जात नाही.”

त्यानं तीन स्प्रिंगा बदलल्या. दर वेळी शेडमागच्या बांधावर जाऊन दहा-दहा गोळ्या झाडून पाहिल्या. पहिल्या स्प्रिंगेला ओपलचा हात थकला, दुसरीला बोल्ट दोनदा अर्धवट मिटला. तिसरी जमली. ओपलनं मूठ ओढली आणि बोल्ट अलगद मागं आला.

“पुन्हा,” ती स्वतःलाच म्हणाली. मग दोन आठवडे रोज सकाळी ती आपल्या स्वयंपाकघरात रिकाम्या रायफलची मूठ ओढत राहिली. शंभर वेळा, कधी दीडशे.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ती रेषेवर उभी राहिली. मागं पंधरा-वीस माणसं होती. डेन्झिल सगळ्यांच्या मागं, हाताची घडी घालून.

“तयार व्हा, मिस ओपल,” ज्युनिअर म्हणाला.

तिनं मॅगझिन बसवलं, मूठ ओढली, सोडली. बोल्ट मिटला. शिट्टी झाली. पाच ताटल्या होत्या. पहिली वाजली, दुसरी वाजली, तिसरीला दोन गोळ्या घालाव्या लागल्या, चौथी वाजली. पाचवी दूरची. तिथं ती थांबली, श्वास सोडला आणि ती पण वाजली. तिच्याहून सावकाश त्या दिवशी कुणीच नव्हतं.

“झालं असेल तर रिकामी करा आणि दाखवा.”

ओपलनं दस्ता कमरेला टेकवला आणि मूठ ओढली. बोल्ट सुरेख मागं आला, एक जिवंत गोळी गवतात उडाली. तिनं मूठ सोडली. बोल्ट मिटला.

मागं कुणीतरी श्वास आत ओढला. मॅगझिन आतच होतं. आधी मॅगझिन काढायचं, मग मूठ ओढायची, हे तिनंच या मैदानावर किती नवख्यांना शिकवलं होतं. स्वयंपाकघरात मात्र तिनं दोन आठवडे मॅगझिनाशिवायच मूठ ओढली होती, आणि हात तेवढंच शिकला होता. आता दुसरी गोळी नळीत जाऊन बसली होती. या घडीला रिकामी समजून चाप ओढला असता तर गोळी सुटली असती आणि सगळं तिथंच संपलं असतं.

“थांब,” ओपल म्हणाली. ते स्वतःलाच होतं. बोट चापापासून दूर होतं, नळीचं तोंड ताटल्यांमागच्या मातीच्या बांधाकडं होतं. डाव्या हातातला जोर सरत आला होता. तिनं मॅगझिन काढून पट्ट्यात खोचलं. मूठ धरली. ओढली. ती निम्म्यावर आली आणि थांबली.

ज्युनिअरचा हात पुढं आला नाही. त्यानं तो पाठीमागं बांधून घेतला.

ओपलनं हिसका दिला नाही. धरून ठेवली. मग दात आवळून, अगदी हळूहळू, ती मूठ शेवटपर्यंत आणली. दुसरी गोळी गवतात पडली. कोपरानं मूठ मागं दाबून धरत तिनं रायफल ज्युनिअरकडं कलती केली.

ज्युनिअर वाकला. नीट, वेळ घेऊन, आत पाहिलं.

“रिकामी,” तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तिनं मूठ सोडली, रिवाजाप्रमाणे रिकामा चाप ओढून दाखवला, रायफल लाकडी घोडीवर ठेवली आणि परत रेषेवर आली. दोन्ही गोळ्या अजून गवतात होत्या. पुढचा माणूस उचलायला वाकणार, तोच ज्युनिअरनं नुसती मान हलवली आणि तो ताठ झाला. ओपल गुडघ्यावर हात रोवून खाली वाकली. एक गोळी लगेच मिळाली. दुसरी शोधायला वेळ लागला. गवत दाट होतं, तिनं ते बोटांनी बाजूला करत करत पाहिलं. कुणी घसा खाकरला नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. सापडली तेव्हा तिनं ती विजारीला पुसली आणि खिशात टाकली.

मग ज्युनिअरनं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.