पाठीवरचा नातू

बांधावर मायलेकाची जुंपली होती. आम्ही शेजारच्या रानातल्या बाया खुरपी थांबवून ऐकत होतो.

"आई, वय काय तुझं, करतेस काय! त्याला संस्थेत ठेवू. तिथं माणसं असतात बघायला," लेक म्हणाला. हा ट्रक चालवायचा, महिन्यातून एकदा उगवायचा.

"मग मी कोण, जनावर?" म्हातारीनं कांद्याच्या वाफ्यातून मान वर केली नाही. "तुझ्या पाठीवर बसतोय का तो? मग तुझी का दुखतेय?"

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो तिचा नातू, झाडाखाली गोणपाटावर बसून कांद्याची पात कापत होता. अंगानं चांगला बाप्या, पण कमरेखाली जीव नाही. बाळंतपणात त्याची आई गेली, बापानं दुसरं घर मांडलं. लेकीचं ते लेकरू म्हातारीनं चादरीत बांधून पाठीवर घेतलं. त्याला मिसरूड फुटलं तरी सकाळी रानात पाठीवर, दिवेलागणीला घरी पाठीवर.

"आजी, जड झालोय का गं मी?"

"जड कसला मेल्या, नुसतं कापसाचं बोचकं!" असं म्हणायची, आणि त्याला आत निजवून पायरीवर गुडघे चोळत बसायची.

एकदा मला म्हणाली, "हा माझ्या आधी गेला पाहिजे."

"काय बोलता हे! आजीनं असं म्हणावं?"

"मीच म्हणणार, बाई. दुसऱ्या कुणाला त्याचा घोर आहे?"

झालं उलटंच. उन्हाळ्यात, ऐन दुपारी, पाणी धरता धरता ती वाफ्यात कोसळली. नातवानं हाका मारमारून घसा फोडला, पण आमच्या विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनाच्या आवाजात आम्हाला काही कळलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो कोपरांवर सरपटत तिच्यापाशी गेला होता. कोपरं सोलून निघालेली, म्हातारीचं डोकं त्याच्या मांडीवर, आणि पाणी वाफा फोडून वाहत होतं.

मी त्याला धरायला वाकले तर म्हणाला, "आधी तिला उचला, मामी. मी बसतो."

लेक रडला, खोटं कशाला बोलू. लहान पोरासारखा रडला. मग म्हणाला, "वहिनी, माझं सगळं आयुष्य रस्त्यावर. कुठं ठेवू त्याला, सांगा." तेरावं झालं तसं त्यानं भाच्याला संस्थेत नेऊन ठेवलं. घराला कुलूप लागलं.

पावसाळा सरल्यावर मी संस्थेत जाऊन आले. फरशी स्वच्छ, खाट स्वच्छ, वेळच्या वेळी जेवण. नाव ठेवायला जागा नाही. खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसत होती.

"बाहेर नेतात का रे?"

"दोन माणसं लागतात मला उचलायला," तो म्हणाला. "मी एवढा जड आहे, मामी. मला माहीतच नव्हतं."

निघायला उठले तशी त्यानं दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून. सवयच ती. लगेच लाजून खाली घेतले आणि चादर नीट करत बसला.